पोलिसांविरुद्धची तक्रार फिरून त्याच ठाण्यात का येते? सोलापूरला स्वतंत्र प्राधिकरण पाहिजे (चर्चा)

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे, नाव सांगत नाही. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, हा मोबाईलच्या दुकानात कामाला. मागच्या वर्षी एका मोबाईल चोरीच्या संशयावरून डीबीवाल्यांनी (ठाण्याचं गुन्हे शोध पथक) त्याला संध्याकाळी दुकानातून उचललं. नोटीस नाही, घरी फोन नाही, काही नाही. वडील ठाण्यात गेले तर ठाणे अंमलदार म्हणाला असा कोणी इथं आणलेला नाही, आणि त्याच वेळी मागच्या खोलीच्या दारात पोराची चप्पल पडलेली वडिलांना दिसत होती, महिन्यापूर्वी त्यांनीच घेऊन दिलेली, एका बाजूचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला. बोलायची हिंमत झाली नाही. रात्रभर बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. सकाळी पोराला सोडलं, तळपाय एवढे सुजलेले की रिक्षात बसवताना दोघांनी धरावं लागलं. खरा चोर नंतर दुसरीकडंच सापडला.

आम्ही चारजण मिळून वरच्या ऑफिसला अर्ज दिला, आवकचा शिक्का घेतला, पोच घेतली. पुढं काय झालं? बऱ्याच दिवसांनी फोन आला जबाब द्यायला या म्हणून, आणि तो फोन त्याच ठाण्यातून! ज्यानं मारलं तो त्या टेबलावर आणि जबाब लिहून घेणारा शेजारच्या टेबलावर. पोरगा काय बोलणार तिथं. शेवटी पत्र आलं, आपल्या अर्जाची चौकशी केली असता तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. म्हणजे फाईल बंद.

मी पोलिसांच्या विरोधात नाही. रात्री दोन वाजता काही झालं तर मी पण त्यांनाच फोन लावणार. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच खात्यानं चौकशी करायची ही पद्धत मला पटत नाही. लोकशाहीत ज्याच्या हातात काठी आणि बेड्या आहेत त्याच्यावर बाहेरच्या कोणाची तरी नजर असायलाच पाहिजे. यासाठी आपल्याकडं काय सोय आहे, सोलापूरच्या माणसानं कुठं जायचं, जाणकारांनी सांगा.

---

होटगीरोडकर

पोराबरोबर झालं ते वाईटच, त्यात दुमत नाही. पण दुसरी बाजू पण बघा की. गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त, निवडणुका, सगळे सण, हे लोक बारा बारा तास उभे असतात. त्यात प्रत्येक आरोपी सुटला की पहिली तक्रार पोलिसावर करतो, आमच्या एरियात वाळूवाल्यांनी एका चांगल्या पीएसआयला असंच अर्जावर अर्ज करून जेरीस आणलं होतं. अजून एक बाहेरची कमिटी बसवली तर कोण काम करणार? सगळे हात बांधून बसतील. खात्यातच कडक अधिकारी असला तर सगळं नीट चालतं असं माझं मत आहे.

---

वकील_नवीपेठ

धागा चांगला काढलाय. थोडं सविस्तर लिहितो कारण बऱ्याच लोकांना ही सोय कायद्यात आधीपासून आहे हेच माहीत नसतं. आमच्यातल्या पण कितीतरी वकिलांना माहीत नाही.

प्रकाश सिंह म्हणून उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक, त्यांनी १९९६ साली सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. म्हणजे पोलिसांवर बाहेरची देखरेख असावी ही मागणी एका पोलीस अधिकाऱ्यानंच कोर्टात नेली, होटगीरोडकर हे लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला, सात निर्देश दिले. त्यातला एक असा की प्रत्येक राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करा. जिल्ह्याचं प्राधिकरण निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली आणि डीवायएसपी दर्जापर्यंतच्या तक्रारींसाठी, त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांसाठी राज्याचं, तिथं हायकोर्टाचा किंवा सुप्रीम कोर्टाचा निवृत्त न्यायमूर्ती. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार हे तर आहेच, जिल्हा पातळीवर खंडणी, जमीन घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे पण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्राधिकरणानं केलेली शिफारस बंधनकारक असेल असं कोर्टानं स्पष्ट म्हटलं.

आता महाराष्ट्रानं काय केलं ते बघा. २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, म्हणजे निकालानंतर आठ वर्षांनी. राज्य प्राधिकरण ठेवलं, पण जिल्ह्याच्या ऐवजी विभाग केला, महसुली विभाग. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर असे पाच जिल्हे येतात. म्हणजे अक्कलकोटच्या किंवा मंगळवेढ्याच्या माणसाचं प्रकरण पुण्याला जाणार. दुसरं, अहवाल आला तर सरकारनं कारवाई करायची, पण अपवादात्मक प्रकरणात कारणं लेखी नोंदवून सरकार अहवाल नाकारू शकतं अशी वाट कायद्यात ठेवली. कोर्ट म्हणतं बंधनकारक आणि कायदा म्हणतो नाकारता येईल. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा इथंच मोडलाय.

तरीपण जे आहे ते वापरायला पाहिजे. पीडित माणूस किंवा त्याच्या घरचे अर्ज करू शकतात, प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. विहित पद्धत न पाळता केलेली अटक किंवा ताब्यात ठेवणं हे कारणांच्या यादीत सरळ लिहिलंय. धाग्यातलं प्रकरण त्यात बसतं. त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत.

---

पूर्वभागवाला

वकीलसाहेब लई धन्यवाद. मला खरंच हे माहीत नव्हतं आणि आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी कोणी सांगितलं पण नाही. ठाण्यात भिंतीवर सायबर फसवणुकीचा बोर्ड असतो, महिला हेल्पलाईनचा असतो, मग पोलिसांविरुद्ध तक्रार कुठं करायची याचा बोर्ड का नसतो?

आणि पुण्याचं म्हणाल तर अडीचशे किलोमीटर आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं आणि रात्री परत यायचं, त्या बापाचा त्या दिवसाचा रोज बुडणार, तारीख पुढं गेली की परत बुडणार. दोन तीन तारखांत माणूस सोडून देतो. कोर्टानं जिल्हा म्हटलं होतं ते याचसाठी म्हटलं असणार ना.

---

लाईनीतली_पोर

मी पोलीस लाईनीत वाढले, वडील हवालदार म्हणून रिटायर झाले म्हणून होटगीरोडकर दादांचं म्हणणं मला आतून समजतं. पण मी उलट्या बाजूनं सांगते, असं प्राधिकरण शिपाई हवालदारांनाच सगळ्यात जास्त पाहिजे.

का ते सांगते. काही उलटं सुलटं घडलं की सस्पेंड कोण होतं? खालचा. वरून तोंडी सांगितलेलं असतं, अमक्याला आणा, दोन दिवसांत डिटेक्शन दाखवा, कसं करायचं ते करा. कागदावर काहीच नसतं. मग पेपरात बातमी आली की सांगणारा साहेब हात झटकतो आणि ज्याची त्या दिवशी ड्युटी होती त्याच्यावर खातेनिहाय चौकशी लागते. खात्यातल्या खात्यात चौकशी असली की शिपाई साहेबाविरुद्ध जबाब कसा देणार, उद्या त्याच साहेबाकडं रजेचा अर्ज घेऊन जायचंय. आमच्या वडिलांच्या एका दोस्ताची अशीच पेन्शन अडकून पडली होती, बिचारे शेवटपर्यंत म्हणत होते मला कोणी विचारलंच नाही की हुकूम कोणाचा होता. बाहेरचा न्यायाधीश बसला असता तर पहिला प्रश्न तोच आला असता.

आणि त्याच २००६ च्या निकालात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ हे पण सांगितलंय. पुढाऱ्याच्या फोनवर बदली होऊ नये म्हणून. ते पोलिसांच्या भल्याचं आणि हे पोलिसांच्या वाईटाचं अशी वाटणी करू नका, एकाच निकालात दोन्ही आहे.

---

होटगीरोडकर

ताई तुमचा मुद्दा पटला. खालच्याला बळी दिलं जातं हे मी पण बघितलंय. पण एक शंका राहतेच, निवृत्त न्यायाधीश बसवले तरी प्रत्यक्षात जाऊन तपास कोण करणार? पंचनामा, साक्षीदार शोधणं, फोनचे रेकॉर्ड, ते तर परत पोलिसांकडूनच मागवावं लागणार ना? मग फिरून तिथंच आलो.

---

परदेशी_सोलापूरकर

होटगीरोडकर, तुमचा प्रश्न एकदम नेमका आहे. मी काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहे, इकडचं सांगतो. इंग्लंड आणि वेल्ससाठी पोलीस वर्तनावर देखरेख करणारं स्वतंत्र कार्यालय आहे, २०१८ पासून आत्ताच्या स्वरूपात, त्याआधी २००४ पासून आयोग होता. पण इथं सुद्धा बहुतेक साध्या तक्रारी आधी त्या त्या पोलीस दलाचाच विभाग बघतो, मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली की मात्र स्वतंत्र कार्यालयाकडं पाठवावंच लागतं. त्यामुळं इथले लोक पण समाधानी नाहीत, खूप वेळ लागतो ही तक्रार कायम असते.

जास्त चांगलं उदाहरण उत्तर आयर्लंडचं. तिथं इतकी वर्षं हिंसाचार झाला, अर्ध्या लोकांचा पोलिसांवर काडीचा विश्वास नव्हता. २००० साली पोलीस लोकपाल कार्यालय सुरू झालं. तिथं पोलिसांविरुद्धची तक्रार लोकपालाकडंच जाते आणि त्यांचे स्वतःचे तपास अधिकारी आहेत, घटनास्थळी जाणारे, पुरावे ताब्यात घेणारे. दक्षिण आफ्रिकेत पण वर्णभेद संपल्यावर असंच पोलिसांपासून वेगळं तपास खातं काढलं. म्हणजे स्वतःचे तपासनीस नसले तर प्राधिकरण नुसतं टपाल खातं होतं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं उत्तर प्राधिकरण नको असं नाही, त्याला माणसं द्या असं आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानं पण म्हटलंय की गरज पडली तर सीआयडी, गुप्तवार्ता, दक्षता अशा खात्यांतले निवृत्त तपासनीस घ्या.

---

सेटलमेंटचा

मी फार लिहित नाही इथं, वाचतो. पण हे वाचून राहवलं नाही.

आमचा समाज विमुक्त. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. गावातल्या लोकांना वाटतं ते सगळं संपलं. आमच्याकडं अजून कुठं घरफोडी झाली की पहाटे गाडी येते. कोण घरी आहे कोण नाही बघत नाहीत, जो सापडेल तो घालतात. माझा चुलतभाऊ त्या वेळी लातूरला ऊसतोडीवर होता तरी त्याचं नाव घेत होते, मग तो नाही तर त्याच्या भावाला नेलं. बायका लेकरं घेऊन ठाण्याच्या गेटबाहेर बसतात, संध्याकाळपर्यंत, आत कोणी सांगत नाही अटक आहे की नुसतं बसवलंय. अटक दाखवली तर निदान दुसऱ्या दिवशी कोर्टात तरी उभं करतील. दाखवतच नाहीत ना. कागदावर तो माणूस ठाण्यात आलेलाच नसतो.

तुम्ही म्हणता अर्ज करा. आमच्यातल्या निम्म्या बायकांना सही येत नाही. आणि अर्ज केला तर पुढच्या वेळी पहिलं कोणाला उचलतील? ज्यानं अर्ज केला त्याला. या भीतीवर कायद्यात काय आहे ते पण सांगा.

---

वकील_नवीपेठ

दादा तुम्ही जे लिहिलंय ते या सगळ्या विषयाचं मूळ आहे. नोंद न करता बसवून ठेवणं. सगळी हक्कांची यादी अटकेची नोंद झाल्यापासून सुरू होते, त्यामुळं नोंदच टाळली जाते.

डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टानं अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, जागेवर अटक पंचनामा करायचा, त्यावर घरच्याची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाईकाला कळवायचं, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. यातलं बरंचसं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलंय, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायलाच पाहिजे, अटक होताना डॉक्टरनं अंगावरच्या खुणा आणि त्या साधारण कधीच्या ते लिहायचं, आणि त्याची प्रत त्या माणसाला किंवा त्यानं सांगितलेल्याला द्यायची. ही प्रत मागा. बहुतेक कोणीच मागत नाही.

मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? मी कोर्टात उभा राहून कितीतरी वेळा ऐकलंय, पोरगा खाली बघून नाही म्हणतो, कारण ज्यानं आणलंय तो शेजारी दंडाला धरून उभा असतो आणि परत जाताना त्याच गाडीत बसायचंय. तिथं वकिलानं बोललं पाहिजे, साहेब याचा शर्ट काढून बघा म्हणून. हे आमचं काम आहे आणि आम्ही ते नेहमी करतो असं नाही.

सीसीटीव्हीचं पण सांगतो. परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे पाहिजेत, गेटवर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, इन्स्पेक्टरच्या खोलीत, मागच्या बाजूला पण. आवाजासकट. रेकॉर्डिंग अठरा महिने, तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तरी किमान एक वर्ष. जिल्हा पातळीवर देखरेख समिती नेमायची. म्हणून कोणाला नेलं असं कळलं की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, अमुक वेळेपासूनचं फुटेज जपून ठेवा म्हणून, पोच घ्या, नाही घेतला तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. नंतर मिळेल न मिळेल, पण अर्ज देऊनही फुटेज गेलं तर ते त्यांच्यावर येतं.

सूडाच्या भीतीबद्दल खरं सांगतो, साक्षीदार आणि तक्रारदाराला संरक्षण हा आपल्याकडचा सगळ्यात दुबळा भाग आहे. म्हणून एकट्यानं अर्ज करू नये. गल्लीनं मिळून करावा, संघटनेच्या लेटरहेडवर करावा, प्रत मानवी हक्क आयोगाला लावावी. फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत, नंतर आयोग घेत नाही. आणि आयोग शिफारस करतो, हुकूम नाही, हे पण माहीत असू द्या.

---

जुळे_सोलापूर_काका

माझं वय झालंय, थोडं मागचं सांगतो. १९३० च्या मे महिन्यात आपल्या गावात मार्शल लॉ लागला, पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, चार पुतळे चौकात आहेत. त्या काळी पोलीस जनतेला उत्तर द्यायला बांधलेलेच नव्हते, ते वरच्या साहेबाला उत्तर द्यायचे, साहेब सरकारला. स्वातंत्र्य आलं, १९५१ चा पोलीस कायदा आला, पण उत्तर वरच्या साहेबालाच द्यायचं हा घाट तसाच राहिला. म्हणून माझं म्हणणं आहे की हा प्रश्न चांगला साहेब वाईट साहेब असा नाहीच. चांगला साहेब दोन वर्षांत बदलून जातो.

आणि लोक ओरडले की बदल होतो हे पण बघितलंय. १९७२ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, सुप्रीम कोर्टानं आरोपींना सोडून दिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. महाराष्ट्रातल्या एका ठाण्यातून सुरू झालं ते.

---

लाईनीतली_पोर

काकांच्या पुढं जोडते. आत्ताचंच परभणीचं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला तरी गुन्हा दाखल होईना, त्याच्या आईला हायकोर्टात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, तिथं पण टिकला नाही विरोध. एका आईला एवढं सगळं करायला लागतंय तर बाकीच्यांनी काय करायचं? आणि हे तर मृत्यूचं प्रकरण, सगळ्या चॅनेलवर आलेलं. सुजलेल्या तळपायांचं कोण छापतंय.

---

होटगीरोडकर

बरं. माझं मत एवढं बदललं की बाहेरची यंत्रणा पाहिजे. पण खोट्या तक्रारींचं पण त्यातच व्हावं, तक्रार खोटी निघाली तर त्या पोलिसाला लेखी क्लीन चिट मिळावी आणि ती त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला लागावी. आत्ता आमच्या त्या पीएसआयला कोणीच क्लीन चिट दिली नाही, नुसती बदली झाली. लोक अजून म्हणतात काहीतरी केलंच असणार.

---

पूर्वभागवाला

होटगीरोडकर, हे पण निवेदनात घालू. खात्यानं दिलेल्या क्लीन चिटवर कोणी विश्वास ठेवत नाही, न्यायाधीशानं दिली तर ठेवतील.

मी असं म्हणतो की पालकमंत्री आणि सगळ्या आमदारांना निवेदन द्यायचं. मागण्या थोड्याच पण पक्क्या ठेवू. प्राधिकरण जिल्ह्याला पाहिजे, ते होईपर्यंत पुण्याच्या प्राधिकरणानं सोलापुरात येऊन सुनावणी घ्यावी, तारखेला बोलावताना व्हिडिओवरून हजर राहायची सोय द्यावी. प्रत्येक ठाण्यात दर्शनी भागात प्राधिकरणाचा पत्ता आणि तक्रार कशी करायची याचा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोर्ड, आपल्या गावात चारही लागतात. तोंडी तक्रार लिहून घ्यायला माणूस. स्वतःचे तपासनीस. आणि अहवाल नाकारायचा सरकारचा अधिकार काढून टाका, ते विधानसभेचं काम आहे, वेळ लागेल पण मागायचं. एक मात्र लगेच होण्यासारखं आहे, तक्रारीची चौकशी निदान त्याच ठाण्याकडं पाठवू नये, याला कायदा बदलायला लागत नाही, वरच्या अधिकाऱ्याच्या एका परिपत्रकानं होतं.

रविवारी कच्चा मसुदा करायला बसूया का? वकीलसाहेब तुम्ही याल?

---

वकील_नवीपेठ

येतो. त्या पोराच्या अर्जाच्या पोचेची आणि दप्तरी दाखलच्या पत्राची झेरॉक्स आणा, जागेवरच प्राधिकरणाचा अर्ज तयार करू. दवाखान्याचा कागद असेल तर तो पण.

---

सेटलमेंटचा

मी येतो पण सकाळी नको, संध्याकाळी ठेवा, सकाळी सगळे कामाला जातात. आमच्याकडून चार पाच बायका येतील, प्रत्येकीचं वेगळं प्रकरण आहे. त्यांचं सांगणं लिहून घ्यायला कोणीतरी बाई माणूस लागेल. लाईनीतली ताई, तुम्हाला जमेल का?

---

लाईनीतली_पोर

जमेल. वही पेन घेऊन येते, जागा कळवा.